आत वारलू, बाहेर गुणाबाई

गुणाबाई,

तुझ्यावर लिहिते आहे. वारलू होता तोवर तू मला गप्प बसवलं होतंस. परवा शेडमध्ये चहा देताना तूच म्हणालीस, "आता लिवा मॅडम. आता कोनापासून लपवाचं हाये?" तुझ्या लेकीला, दिव्यानीलाही विचारून घेतलं. ती म्हणाली, "लिहा, फक्त मले बिचारी करू नका." नाही करत. मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पेपर तपासताना कीव म्हणून कोणाला अर्धा मार्क दिला नाही. या वयात काय सुरुवात करणार?

तुला ठाऊक असलेल्याच गोष्टी पुन्हा वाचाव्या लागतील, कारण वाचणाऱ्यांना तू कोण, वारलू कोण, काहीच माहीत नाही. कंटाळा आला तर पानं उलट.

वरोऱ्यात नागपूर–चंद्रपूर रस्त्याला, कापसाच्या जिनिंगच्या थोडं पुढे, तुमचं नवराबायकोचं टिनाचं शेड. पाटीवर ना मालकाचं नाव, ना देवाचं. नुसतं: 'गाडीच्या आत येणारे पाणी बंद करून मिळेल.' इंजिन नाही, पंक्चर नाही, डेंटिंग नाही. पावसाळ्यात गाडीत पायाखाली पाणी साचतं, पायपुसणी कुजतात, काचा आतून धुरकटतात, त्यावरचाच तेवढा इलाज. एवढ्याशा कामावर घर चालतं हे मला खरं वाटलं नव्हतं. मग माझ्याच गाडीत पाणी आलं.

माझे यजमान ऊर्जानगरला वीज केंद्रात होते. ते गेल्यावर त्यांची छोटी गाडी माझ्याकडे आली आणि मी वरोऱ्यात घर केलं. त्या पावसाळ्यात ब्रेक दाबला की सीटखालून पाणी पुढे यायचं, चप्पल भिजायची. चंद्रपूरच्या एका वर्कशॉपवाल्याने दिसेल त्या फटीत सीलंट भरून दिलं. पाणी तसंच. वास मात्र वाढला, मेलेल्या बेडकाचा. मेलेले बेडूक मी पुष्कळ हाताळलेत, तेव्हा या बाबतीत माझा शब्द खरा मानावा.

वारलूने दार उघडून वास घेतला. "मॅडम, पाऊस नसताना बी ओली होते का?"

"पावसातच."

"मंग एसीचं पानी नाई. उतरा."

त्याने सीट काढल्या, कार्पेट उचलून दोरीवर टाकलं, खालचा पत्रा फडक्याने कोरडा केला. मग तू डब्यातून चुलीची चाळलेली राख आणलीस आणि त्याने ती पत्र्यावर पिठासारखी भुरभुरवली. पाण्याचा थेंब आला की राखेत काळी रेघ उठते. रेघ मागे मागे शोधत गेलं की भोक सापडतं, कारण पाणी शिरतं एकीकडे आणि साचतं भलतीकडे. हे सगळं त्याने मला समजावून सांगितलं, जरा जास्तच. बोलायची हौस होती त्याला.

मग तो आत शिरला. पुढच्या सीटच्या जागी, डॅशबोर्डखाली डोकं घालून, टॉर्च हातात घेऊन उताणा झाला. दारं बंद. काचा बंद. तू नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलीस आणि पाइप घेतलास. सुरुवात खालून: आधी दाराचा उंबरठा, मग दार, मग पुढच्या काचेची खालची कड, सगळ्यात शेवटी टप, म्हणजे छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते समजत नाही. एका जागी धरलेला पाइप तू आतून काच वाजेपर्यंत हलवायची नाहीस. एक टकटक म्हणजे पुढे सरक. दोन म्हणजे थांब, सापडलं.

शेजारच्या टपरीवरचा इसरू चहा गाळता गाळता ओरडला, "पाहा मॅडम, वारलूभाऊचं राज्य! रानी पान्यात, राजा गाडीत!"

दार उघडून डोकं बाहेर काढत वारलू म्हणाला, "इसरू, तुही बायको तुह्या टकुऱ्यावर पानी ओतते, माही गाडीवर ओतते. तुह्यापेक्षा गाडी बरी!"

लोक हसले. तूही हसलीस. रस्त्यावरचं हे हसणं तुम्ही दोघांनी वर्षानुवर्षं ऐकून घेतलं. बायकोला पाण्यात उभी करून स्वतः आत लोळणारा माणूस. बायका तुला नळावर विचारायच्या, "काऊन व गुणाबाई, तुह्या नवऱ्याले हात नाई का?" आणि तू म्हणायचीस, "हात हायेत, अक्कल नाई. अक्कल मले हाये, मनून पाइप माह्या हातात." उत्तर ठसकेबाज होतं. खरं नव्हतं.

दोन टकटक झाल्या. वायपरखालच्या जाळीत पाणी वाहून जायची वाट तुंबली होती. वारलूने तारेने काळा लगदा उपसून तळहातावर घेतला आणि मला दाखवला. "ही कोळशाची राख. ही गाडी ऊर्जानगरची. धानोऱ्याकडची असती तं मोहाची फुलं निघाली असती, वरोऱ्याची असती तं कापसाची रुई. मी चिखल पाहून गाव सांगतो मॅडम."

मी म्हटलं, "गाव काचेवर लिहिलंय. वीज केंद्राच्या गेटपासचा स्टिकर अजून आहे तिथे."

तू फिसकन हसलीस. तो खट्टू झाला. पण त्याला उजेडात सरळ पाहिलं ते तेव्हाच. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर. पोटऱ्या काड्यांसारख्या. ऑगस्टच्या उकाड्यात पायात लोकरीचे मोजे. बाकी कोणी असता तर गप्प बसला असता. मी विचारलं, "वारलू, तुम्हाला सिकलसेल आहे का?"

तू नळ बंद केलास. इसरूच्या टपरीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "हरू बोला न मॅडम. पोरगी लगनाची हाये."

वाचणाऱ्यांसाठी चार ओळी. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. मग हाडं फुटतील असं दुखतं. आपल्याकडे, चंद्रपूर–गडचिरोलीत, गावागावांत हा आजार आहे. आईबापाकडून येतो, कोणाच्या पापाने येत नाही. थंडीने, भिजण्याने, दमण्याने उसळतो. वारलूला तो पुरा होता. तुझं रक्त स्वच्छ. त्यामुळे तुमच्या दिव्यानीत तो अर्धा उतरला, म्हणजे तिला स्वतःला काही त्रास नाही. पण तिचा नवरा जर असाच अर्धा निघाला, तर त्यांच्या लेकरात तो पुरा उतरू शकतो. म्हणून लग्नाआधी मुलाच्या रक्ताचा थेंब तपासायचा. बस. एवढ्याशा थेंबासाठी तुमच्या घराने तोंड शिवून घेतलं होतं, कारण थेंब मागायचा तर आपलं सांगावं लागतं. आणि सांगितलं की पोरीला कोण करणार?

माझ्या त्या अगोचर प्रश्नानंतर तू मला दूर ठेवशील असं वाटलं होतं. उलट तू जवळ केलंस. कोणाजवळ तरी बोलायला मिळत होतं ना! पावसाळा संपला तरी मी शेडवर येऊन बसायला लागले, आणि तुझी गोष्ट तुकड्या-तुकड्याने माझ्याकडे आली.

वारलू मूल शहराजवळच्या धानाच्या गावचा. तिथे भाताची रोवणी म्हणजे दिवसभर गुडघाभर चिखलात उभं राहणं. तो उभा राहिला की आठवडाभर खाटेला खिळायचा. घरचे म्हणायचे कामचुकार. कोणी म्हणायचं बाहेरचं लागलंय. तुझं लग्न झालं तेव्हा तुला एवढंच सांगितलं होतं की मुलाला वात आहे. पहिल्या रोवणीत तू त्याला गुरासारखं ओरडताना ऐकलंस आणि मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून पहाटेपर्यंत सांधे शेकलेस. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं ते नंतर. सासरच्यांवर चिडलीस? मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "चिडली. पन त्याच्यावर नाई. त्याले बी कोनी नवतं सांगतलं."

मग तूच त्याला धानाच्या पाण्यातून बाहेर काढलंस. तुझं माहेर वरोऱ्याकडचं, कापसाचं, कोरडवाहू. इकडे आणून त्याला सीटकव्हर शिवायला लावलंस. बसून करायचं काम, कोरडं काम. सीटकव्हरसाठी सीट काढली की खाली गंजलेला पत्रा आणि साचलेलं पाणी दिसायचं. त्याला ते बघवायचं नाही. हे पाणी येतं कुठून? लोट्याने पाणी ओतून तो शोधायला लागला. पाण्यापासून पळून आलेला माणूस, आणि धंदा कुठला धरला बघ! एका हिवाळ्यात त्याचा गुडघा सुजून नारळाएवढा झाला तेव्हा तू त्याच्या हातातला लोटा हिसकावलास आणि म्हणालीस, "तुमी आत जा. दारं लावा." त्या दिवसापासून तो आत, तू बाहेर.

पावसाळाभर तुझ्या पायांच्या बोटांतली कातडी पांढरी पडून सोलायची. हळद आणि खोबरेल लावून, चिंध्या बांधून झोपायचीस. चिंध्या त्याने शिवलेल्या असायच्या, सीटकव्हरच्या उरलेल्या मऊ कापडाच्या, प्रत्येक बोटाची वेगळी टोपी. तेवढी एक गोष्ट तू मला लाजत सांगितलीस. बाकीचं सगळं भांडल्यासारखं.

आता ती बुधूची जीप सांगते, कारण पुढचं तिच्यावाचून कळणार नाही. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावाहून बुधू आला. त्याच्या जीपची दारं हलवली की आत घागरीसारखं पाणी डुचमळायचं. मुरमाच्या रस्त्याची धूळ दारांच्या तळाच्या भोकांतून आत येते म्हणून त्याने सगळी भोकं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली होती. काचेच्या फटीतून दारात थोडं पाणी उतरणारच, ते त्या तळाच्या भोकांतूनच खाली पडतं. वाट बंद झाल्यावर दार भरलं, आणि भरलेलं दार गाडीच्या आत सांडायला लागलं. वारलूने खिळ्याने लांबी फोडली आणि पाणी धो-धो बाहेर आलं.

"बुधूभाऊ, ही पानी जायची वाट व्हय. यायची नाई."

बुधू म्हणाला, "मले काय मालूम! भोक दिसलं, बुजवलं."

"सगळे असेच करते," वारलू म्हणाला.

बुधू गेल्यावर मी म्हटलं, "वारलू, तुम्हीही घरात तेच केलंय. सगळी भोकं बुजवून बसलात. एक दिवस आत सांडेल."

त्याने लगेच उत्तर दिलं. "गाडीचं लगीन नाई करा लागत, मॅडम."

या बाबतीत तो माझ्यापुढे कधी हरला नाही.

पुढच्या वर्षी चामोर्शीचं स्थळ आलं. मुलगा निकेश, घरची धानाची शेती, बाजारात बी-खताचं दुकान. वडील गोपालभाऊ मोठे बोलके, मनाने बरे. दिव्यानी तेव्हा भद्रावतीला एका औषधाच्या दुकानात कामाला लागली होती. तिला मुलगा आवडला, बोलणी जुळत आली. रक्ताचं तिला सगळं ठाऊक होतं. ती म्हणायची, "मीच सांगतो त्याले फोन करून." वारलूने तिला शपथ घातली. "लगन होऊ दे. मंग पाहू."

"मग काय पाहणार?" मी विचारलं. "लेकरू झाल्यावर?"

तो कार्पेट घेऊन वाळत घालायला मागे गेला. तेवढ्यात तू बोललीस. "मॅडम, तुमी चला माह्यासंगं चामोर्शीले. तुमी शिकलेल्या. तुमी मना का आजकाल सगळेच तपासते. आमचं नाव नका घेऊ. पोराचं रक्त पाहून घ्या मना."

"मी खोटं बोलणार नाही. विचारलं तर खरं सांगेन."

तू जरा वेळ पाइप गुंडाळत राहिलीस. "बरं. खरं सांगा. पन मी बाजूले असली पायजे. मी तोंड लपवून घरी नाई बसनार."

ठरलं. रोवण्या उरकल्या की बाजाराच्या दिवशी माझ्या गाडीने मूल, सावली, वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली आणि पुढे चामोर्शी. वारलूला आधी सांगायचं नाही, परत आल्यावर सांगायचं. भांडण झालं तर मी अंगावर घेणार होते. भांडणाची मला भीती नाही.

त्याआधीच गोपालभाऊ स्वतः आले. मी तेव्हा पुतणीकडे नागपूरला होते. पुढचं इसरूकडून आणि तुझ्याकडून ऐकलेलं आहे.

सकाळपासून पावसाची झड लागली होती. तू शेडमागच्या खोलीत तापाने फणफणत पडली होतीस. गोपालभाऊ नागपूरहून माल घेऊन परतत होते, गाडीत मागच्या डाव्या दाराने पाणी यायचं. सोयऱ्याचाच धंदा, मग दुसरीकडे कशाला जायचं? उतरता उतरता त्यांनी व्याह्याची थट्टा केली, "काय इवाई, आमी आयकलं का तुमी बाईले पान्यात उभं करता आन आपन गाडीत बसता? आमच्या पोराले हे शिकवू नका बाप्पा!"

थट्टाच होती. इसरू म्हणतो, वाईट हेतू नव्हता. पण वारलूने खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि मोजे काढून खिशात घातले. "आज तुमी आत बसा, गोपालभाऊ. तुमी पावने. पानी दिसलं का काच वाजवा." आणि त्याने पाइप उचलला.

तू खाटेवरून ऐकत होतीस. पाण्याचा आवाज तुला आतून कळतो. तुझा पाइप एकसारखा वाजतो, हा थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. दिव्यानी कामावर गेलेली. मग कोण? तू भिंत धरून दारापर्यंत आलीस. वारलू अनवाणी, पायजमा मांडीपर्यंत भिजलेला, वरून पाऊस. त्याने तुला पाहिलं. आणि हाताने खूण केली: आत जा.

गोपालभाऊ गाडीत बसले होते. तू बोलली असतीस तर का बोलतेस ते सांगावं लागलं असतं. तू आत गेलीस.

हे वाक्य लिहू नका असं तू म्हणाली नाहीस. उलट "थे पयले लिवा" म्हणालीस. पहिलं नाही लिहिलं, पण लिहिलं.

दोष निघाला तो बुधूच्या जीपचाच. गोपालभाऊंनीही धुळीसाठी दाराची भोकं बुजवली होती. वारलूने उकिडवं बसून खिळा मारला आणि दारातलं सगळं थंड पाणी त्याच्या पायांवर आलं. शिवाय दाराचं रबर कोपऱ्यात फाटलेलं होतं. त्याने ते मोजून पाहिलं. "नवं नागपूरवरून मागवतो. पुढच्या खेपेले या, बसवून देतो." गोपालभाऊ चहा पिऊन, गाडीतून तांदळाची एक लहान थैली काढून देऊन, खुशीत गेले.

संध्याकाळी त्याची कंबर धरली. सकाळी छातीत दुखायला लागलं, श्वास घेता येईना. तू स्वतः तापात, तरी त्याला घेऊन चंद्रपूरच्या दवाखान्यात गेलीस. मी नागपूरहून थेट तिथे पोचले. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, याला मी साक्षीदार आहे. शेवटच्या दुपारी तो शुद्धीत होता. तू त्याचे पाय मिठाच्या पुरचुंडीने शेकत होतीस, नर्स नको म्हणत होती, तू ऐकत नव्हतीस. तो म्हणाला, "गोपालभाऊले कळलं तं नाई न?"

तू म्हणालीस, "नाई. पडून राहा."

त्याला बरं वाटलेलं दिसलं.  

वारलूच्या तेरवीला गोपालभाऊ आले, एकटे. निकेश आला नाही, दुकान बंद ठेवता येत नव्हतं म्हणाले. पंगत उठल्यावर मांडवात ते, तुझे दोन दीर, नळावरच्या त्या सगळ्या बायका आणि मी. तू पदर सारखा केलास आणि उभी राहिलीस.

"गोपालभाऊ, बसा. ह्याईले सिकल होती. लगनाच्या आंधीपासून. मनून थे आत बसत, मी पान्यात उभी राहो. माह्या पोरीत अर्धी हाये. तिले काई होत नाई. पन निकेशचं रक्त तपासून घ्या, मंग काय थे ठरवा."

नळावरची एक बाई तोंडाला पदर लावून उठून गेली. दिव्यानी भिंतीला टेकून होती, ती हलली नाही. गोपालभाऊंच्या हातातली सुपारी हातातच राहिली. ते म्हणाले, "बाई, त्या दिवशी सांगतलं असतं तं मी त्याले पान्यात उभं केलं असतं का?"

  ते उठले, वारलूच्या फोटोला हात जोडले, आणि गेले. चामोर्शीहून त्यानंतर काही निरोप आला नाही. ना होकार, ना नकार.

दिव्यानीने महिनाभर फोनकडे पाहिलं, मग पाहणं सोडलं. आता स्थळ आलं की तीच पहिल्या भेटीत सांगते, "मी अर्धी आहे, तुमचा रिपोर्ट आणा." दोघे पळाले. तिसरा रिपोर्ट आणायला गेलाय. बघू.

शेड तू बंद केलं नाहीस. आता आत तू असतेस आणि बाहेर पाइप धरायला रंभा, इसरूची वहिनी. पहिल्या दिवशी तू वारलूच्या जागी उताणी झालीस, रंभाने काचेवर पाणी धरलं, आणि तू टकटक केलीच नाहीस. रंभा घाबरून मला बोलवायला आली. दार उघडलं तर तू तशीच पडलेली, टॉर्च छातीवर, डोळे उघडे.

"काय झालं?"

"काचेवरून पानी वायते तं भायेरचं मानूस वाकडंतिकडं दिसते, मॅडम. इतके वर्सं मी त्याले अशीच दिसत होती."

मग रंभाला म्हणालीस, "धर पाइप. खालून धर, वरून नोको."

राहिलं ते रबर. वारलूने त्याच दिवशी नागपूरला फोन केला होता. तो दवाखान्यात असताना पार्सल एस.टी.ने आलं, इसरूने सोडवून घेतलं आणि शेडमधल्या खिळ्याला अडकवलं. गोपालभाऊंच्या गाडीचं, मागच्या डाव्या दाराचं. मी तुला म्हटलं, चल, आपलं चामोर्शीला जायचं राहिलंच आहे. रबर देऊ, बसवून देऊ आणि विचारू. मला उत्तर न मिळालेला प्रश्न सहन होत नाही. मुलाचं रक्त अर्धं निघालं म्हणून ते गप्प आहेत, की रोगाचं नाव ऐकून मागे सरकले, की त्या दिवशीच्या पाण्यामुळे गोपालभाऊंना तुझ्यासमोर यायला तोंड नाही?

एकदा निघालोही. रबर मागच्या सीटवर, तू पुढे. मूलच्या अलीकडे दोन्ही बाजूंना रोवणी चालली होती, बाया गुडघाभर पाण्यात ओळीने वाकलेल्या. तू काच खाली केलीस आणि बघत राहिलीस. मग म्हणालीस, "परतवा गाडी."

"का?"

"पोराचं रक्त अर्धं निघालं मनूनच थे गप हायेत, असं मले आज मानता येते. तिथी गेल्यावर मानता येनार नाई."

मी वाद घातला. तुला माहीत आहे मी किती घालते. चामोर्शीचा रस्ता पुढे सरळ होता, दिवस पुरता बाकी होता, गाडीत पेट्रोल होतं. तू काच वर केलीस. मी गाडी वळवली.

रबर पुन्हा खिळ्याला गेलं. एका जागी लोंबून त्याला बाक आला म्हणून परवा तू ते काढलंस, राख लावलीस, सैलसर वेटोळं करून कपाटावर ठेवलंस आणि मला म्हणालीस, "आता खराब नाई होनार." मी म्हटलं, "होईल. रबर आहे ते." इकडे पुन्हा झड लागली आहे. चामोर्शीलाही असेल.